अगरबत्तीचा वास आणि देवाची शपथ

मुलगा अकरावीत गेला आणि अचानक खोलीत रोज अगरबत्ती लावू लागला. एरवी देवघरापुढे दोन मिनिटं उभं राहा म्हटलं तरी कुरकुरणारा पोरगा. आईला भरून आलं. तिने वाण्याच्या यादीत मोगरा अगरबत्तीचे दोन पुडे वाढवले. चार महिन्यांनी एका रात्री फ्यूज गेला म्हणून वडील बॅटरी घेऊन त्याच्या खोलीत शिरले, तर दाराच्या फटीला आतून ओला टॉवेल लावलेला, खिडकी सताड उघडी, आणि अगरबत्तीच्या रिकाम्या पुड्यात पातळ कागदांची चळत. मुलांच्या भाषेत त्याला ‘गोगो’ म्हणतात. गांजा वळायचा कागद. मोगऱ्याच्या वासाखाली इतके दिवस दुसराच वास दबलेला होता.

ही बाई आमच्या पालकांच्या गटात पहिल्यांदा आली तेव्हा मुलगा काय ओढतो, किती ओढतो, याबद्दल तिने काही विचारलंच नाही. ती म्हणाली, “देवाच्या नावाखाली असं कसं करवलं त्याला?” व्यसनापेक्षा विटाळाचं दुःख मोठं. गेली वीसेक वर्षं दर गुरुवारी संध्याकाळी मी अशा आईवडिलांबरोबर बसते. देव आणि नशा यांची आपल्या डोक्यात किती गुंतागुंत झालेली असते ते तिथे दिसतं. ती थोडी सोडवावी, म्हणून हा लेख.

आधी एक गोष्ट. घरात अगरबत्ती लावणाऱ्या प्रत्येक मुलाची झडती घेत सुटू नका. खरोखर देवाची ओढ लागलेली मुलंही असतात, आणि त्यांच्यावर संशय घेण्यासारखं दुसरं पाप नाही. पण सवय अचानक बदलली आणि तिच्याबरोबर झोप, भूक, मित्र, पैसे यांतलंही काही बदललं, तर ‘चांगलीच सवय आहे’ म्हणून डोळे मिटू नका.

देवाधर्मात वाढलेली मुलं नशेकडे कमी वळतात का? युरोप-अमेरिकेत गेली अनेक दशकं झालेल्या पाहण्यांचा सूर असाच आहे की, नेमाने उपासनेला जाणारी मुलं सरासरीने उशिरा सुरुवात करतात आणि कमी घेतात. आपल्याकडच्या अनुभवाशीही ते जुळतं. पण कारण काय, हा प्रश्न उरतोच. देवळात नेमाने जाणाऱ्या पोराचे आईवडील बहुतेकदा त्याच्याकडे लक्ष देणारेही असतात. मग श्रेय देवळाचं की आईबापांचं? माझ्यापुरतं मी उत्तर काढलंय. देवधर्म पोराला वाचवतो तो सोबतीने आणि वेळापत्रकाने. पापाच्या भीतीने वाचलेलं पोर मी फारसं पाहिलेलं नाही.

माळेचंच बघा. वारकरी घरातला मुलगा तुळशीची माळ घालतो तेव्हा दारू-मटण सोडतो, एकादशी धरतो, वारीला जातो. बाहेरच्या माणसाला वाटतं, माळेला घाबरून तो पीत नाही. गावात जाऊन बघा. दिवेलागण झाली की देवळात हरिपाठ सुरू होतो. कुणी टाळ घेतो, कुणी पखवाज, पोरंटोरं मागे उभी राहतात. साडेआठला घरी येऊन जेवायचं, झोपायचं. आता दारूची वेळ कोणती? तीच. दिवेलागण ते जेवणाच्या मधली. ज्या दोन तासांत तलफ उठते, त्याच दोन तासांत हा पोरगा चाळीस माणसांत उभा असतो, हात टाळात गुंतलेले. एखाद्या दिवशी आला नाही तर दुसऱ्या दिवशी सकाळी कुणीतरी विचारतं, “काल कुठं होतास रे?” माळेचं बळ ते हे. मण्यांत ते शोधू नका.

असाच एक मुलगा आयटीआय करून चाकणला कंपनीत लागला. चौघांत एक खोली, आठवड्याला बदलणारी शिफ्ट, सुट्टीच्या आदल्या रात्री “बसू या का?” (मराठीत या ‘बसण्या’इतकं निरागस दिसणारं आणि इतकी घरं उठवणारं क्रियापद दुसरं नसेल.) गळ्यात माळ होतीच. आधी तो नुसता चखणा खायला बसला. मग एक दिवस खोलीच्या दारामागच्या खिळ्याला माळ अडकवून बसला. सकाळी आंघोळ करून पुन्हा घातली. वर्षभर हेच. गावाकडे सुट्टीला आला तरी कुणाला पत्ता नाही. मला सांगताना म्हणाला, “माळ तोडली नाही मी मॅडम, अडकवली होती.” त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

तेव्हा माळ घातलेलं पोरगं शहरात पाठवताना डब्यात लाडू भरता तसं एक काम करा. ते राहणार त्या भागात संध्याकाळचं भजन कुठे असतं, आपल्या तालुक्यातली कोण माणसं तिथे आहेत, दिंडी कुठून निघते, हे आधी शोधा आणि पहिल्या आठवड्यातच त्याला तिथे नेऊन उभं करा. शिफ्टमुळे रोज जमणार नाही. आठवड्यातून एकदा जमलं तरी “कुठं होतास” विचारणारं कुणीतरी तयार होतं. मुलगा देवाधर्मातला नसेल तर त्या जागी तालीम, ढोलपथक, क्रिकेटचा संघ, गडावर जाणारा ग्रुप, काहीही चालेल. मात्र त्या टोळीचा शेवट ‘बसण्यात’ होत नाही ना, एवढं बघा.

आता श्रावण. आषाढ अमावस्येला सकाळी आपण दिवे घासूनपुसून त्यांची पूजा करतो, आणि त्याच दिवशी संध्याकाळी गटारी साजरी होते. अनेक मुलांचा पहिला घोट याच दिवशीचा असतो, कारण त्या दिवशी पिणं विनोदात जमा होतं. घरातला मामा, काकाही हसत असतो. पुढे महिनाभर कडकडीत श्रावण. हा महिना पाळला की मुलगा आणि त्याची आई दोघंही निश्चिंत. “व्यसन असतं तर महिनाभर राहिला असता का?”

राहतो. व्यसन जडलेली कितीतरी माणसं श्रावण पाळतात, नवरात्र पाळतात, गणपतीचे दहा दिवस हात लावत नाहीत. थांबता येणं ही खूण पुरेशी नाही. थांबल्यावर काय होतं ते बघा. पाचव्या-सहाव्या दिवशी झोप उडते का? घरात उगाच भांडणं होतात का? दारूच्या जागी गुटख्याच्या पुड्या किंवा गांजा आला का? (गुटख्यावर आपल्याकडे 2012 पासून बंदी आहे. पुड्या कुठे मिळतात हे तुमच्या मुलाला तुमच्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं.) श्रावण संपायला किती दिवस उरले हे त्याला तोंडपाठ आहे का? आणि संपल्याच्या रात्री तो किती पितो? मागच्या महिन्याची थकबाकी वसूल करावी तसा पीत असेल, तर त्या महिन्याने काहीच सोडवलेलं नाही. श्रावण ही तुमच्यासाठी निरीक्षणाची आयती संधी आहे. गटारीच्या दिवशी भांडू नका. त्या दिवशी तुम्ही हरणार. बोलायचं ते श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात, डोकं स्वच्छ असताना.

पुढचा मुद्दा जिवाशी आहे, तो नीट वाचा. रोज, विशेषतः सकाळपासून पिणाऱ्या माणसाने एकादशीचा मुहूर्त धरून दारू एकदम बंद केली, तर ते धोक्याचं असतं. शेवटच्या घोटानंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो: भिंतीवर मुंग्या दिसतात, नसलेली माणसं बोलतात, अंग थरथरतं, घामाने अंथरूण भिजतं, ताप चढतो. उपचार मिळाले नाहीत तर यात माणूस दगावतो. चोवीस वर्षांच्या एका मुलाला माळ घातल्याच्या तिसऱ्या दिवशी हे झालं. घरच्यांना वाटलं, अंगात आलं. नारळ फोडले, अंगारा लावला, देवऋषी बोलावला. हात थरथरतात आणि बरळतोय म्हटल्यावर शेजारच्या नर्सबाईंनी जबरदस्तीने रिक्षात घातलं म्हणून तो आज आहे. झोपेच्या किंवा ‘बटन’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्या रोज घेणाऱ्यांनाही त्या एकदम बंद केल्यावर फिट येऊ शकते. गांजा सोडताना जिवाला असा धोका नसतो, पण आठवडा-दोन आठवडे झोप आणि मनःस्थिती बिघडते.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी डॉक्टर, मग माळ. सरकारी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात हे काम होतं. थरथर आणि फिट टाळायला काही दिवस औषधं देतात, बी-1 जीवनसत्त्व देतात, आठवडाभरात शरीर स्थिरावतं. मग एकादशीला खुशाल पंढरपूरला जा. देव आठवडाभर थांबायला तयार असतो.

आता शपथेबद्दल. मुलगा सापडला की आपण पहिली गोष्ट करतो ती त्याला देवापुढे उभं करून, नाहीतर आईच्या डोक्यावर हात ठेवायला लावून शपथ घ्यायला लावण्याची. “पुन्हा हात लावणार नाही म्हण.” तो म्हणतो. त्या क्षणी त्याला तसं खरंच वाटतही असतं. पण व्यसनातून उठणारी बहुतेक माणसं एकदा तरी पाय घसरून पडतात. आमच्याकडे त्याला ‘स्लिप’ म्हणतात. शपथ घेतलेल्या मुलाची स्लिप झाली की तो दुहेरी अडकतो. नशा केली हे एक, आणि आईच्या जिवावर उठलो हे दुसरं. आईला काही झालं तर माझ्यामुळे, ही भीती घेऊन तो घरी येऊन खरं सांगेल का? तो लपवणार. आणि लपवायला लागल्यावर ती भीती बुडवायला पुन्हा तेच करणार. शपथेने नशा थांबत नाही, घरी येऊन खरं सांगणं मात्र थांबतं.

त्याऐवजी एवढंच म्हणा: “आज नको घेऊस. आणि घेतलीस तर रात्रीच मला सांग, मी ओरडणार नाही.” दुसरं वाक्य पाळणं तुम्हाला त्याच्या वाक्यापेक्षा जड जाईल. तो रात्री अकराला येऊन सांगेल आणि तुमचा हात उगारला जाईल. तो हात आवरलात तर बरंच काही साधलं.

‘आजचा दिवस’ ही युक्ती माझी नाही. 1935 मध्ये अमेरिकेत ॲक्रन या गावी बिल विल्सन हा शेअर दलाल आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन दारुडे एकमेकांना भेटले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची चळवळ उभी राहिली. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव येतो, पण तो कुठल्या धर्माचा हे ते सांगत नाहीत. ज्याला जसा कळेल तसा. कुणासाठी विठ्ठल, कुणासाठी येशू, कुणासाठी तर फक्त समोर बसलेला गट. त्यामुळे देव न मानणारा मुलगाही तिथे बसू शकतो. आपल्याकडे अनिता आणि अनिल अवचट यांनी 1986 मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांची मदत त्यामागे होती. अशा ठिकाणीही मुख्य औषध गट हेच असतं. हरिपाठातली चाळीस माणसं आणि गटातली वीस माणसं यांत मला फारसा फरक दिसत नाही.

मुलगा नास्तिक असेल तर त्याच्या नास्तिकपणाशी या निमित्ताने भांडू नका. “देव मानला असतास तर ही वेळ आली नसती,” हे वाक्य मी बापांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. त्यावर “तुम्ही मानता, मग तुम्ही तंबाखू का खाता?” हे मुलाचं उत्तरही.

शपथेचा एक वेगळा प्रकार मात्र मी आदराने बघते. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात डॉ. आंबेडकरांनी दीक्षेबरोबर ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांत दारू न पिण्याचीही आहे, आणि पंचशीलातलं पाचवं शील मादक पदार्थांपासून दूर राहण्याचंच. अनेक बौद्ध घरांत आजी-आजोबांच्या पिढीने ती स्वाभिमानाची गोष्ट म्हणून पाळली. धाक दाखवून ती नातवापर्यंत पोहोचत नाही. आजोबांनी दारू का सोडली, त्याआधी वस्तीत काय चाललेलं असायचं, हे त्यांच्याच तोंडून नातवाला ऐकू द्या.

बाबा, बुवा, पुड्या. “दारुड्याला न कळत द्या, आठ दिवसांत सुटेल” अशी पत्रकं बसस्टँडवर चिकटवलेली असतात. अंगाऱ्याबरोबरही अशी पूड दिली जाते. काही पुड्यांत निव्वळ राख असते, काहींत डायसल्फिरामसारखं औषध. डॉक्टर ते रुग्णाला सांगून, तपासण्या करून, देखरेखीखाली देतात, कारण ते पोटात असताना दारू घेतली तर छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, क्वचित जीवही जातो. न सांगता भाजीत मिसळून देणं म्हणजे पोराच्या जिवाशी खेळणं आहे. आणि त्याला एकदा कळलं की तुमच्या हातचं अन्न तो विश्वासाने खाणार नाही.

‘आश्रम’ आणि ‘केंद्र’ निवडताना माझीही एकदा चूक झाली. सुरुवातीच्या काळात, नुसत्या ओळखीवर, स्वतः न बघता मी एका मुलाला अशा ठिकाणी पाठवलं. पहाटे प्रार्थना, दिवसभर सेवा, सगळं ऐकायला छान होतं. तीन महिन्यांनी तो परत आला तेव्हा मनगटावर दोरीचे वळ होते. तमिळनाडूत एरवाडीला 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे दर्ग्याजवळच्या एका अशाच ठिकाणी आग लागली, आणि साखळदंडांनी बांधलेल्या मनोरुग्णांपैकी पंचवीसहून अधिक माणसं जळून मेली. श्रद्धेनेच आणून सोडलेली माणसं होती ती. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळीने बांधण्यावर बंदी घातली आहे, आणि अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची आहे. तेव्हा दारात उभं राहून विचारा: नोंदणीचा कागद दाखवा, डॉक्टर कधी येतात, मी मुलाला कधी भेटू शकते, फोन करू देता का? “तीन महिने भेटायचं नाही” असं उत्तर आलं की तिथूनच रिक्षा परत फिरवा.

महाशिवरात्रीची आणि होळीची भांग ‘प्रसाद’ म्हणून घरातली मोठी माणसंच देतात. 1985 च्या अंमली पदार्थ कायद्यात गांज्याची व्याख्या झाडाच्या फुलोऱ्यापुरती आहे, नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग त्या कायद्यातून निसटते. शरीराला हा कायदा ठाऊक नसतो. ओढलेला गांजा मिनिटांत चढतो, प्यालेली थंडाई तास-दोन तास घेते. मुलगा म्हणतो, “काहीच होत नाही,” आणि दुसरा पेला घेतो. मग दोन्ही एकदम. छाती धडधडते, मरतोय असं वाटतं. शांत खोलीत, ओळखीच्या माणसाजवळ बसवा, गाडीला हात लावू देऊ नका. उलट्या थांबत नसतील किंवा शुद्ध हरपत असेल तर दवाखाना. अठराच्या आतल्या मुलाला दारू किंवा अंमली पदार्थ देणं हा बाल न्याय कायद्यात सात वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, देणारा सख्खा मामा असला तरी.

रमजानमध्ये किंवा नवरात्रात उपचार चालू असलेली मुलं “उपास आहे” म्हणून गोळी चुकवतात. डॉक्टरांना आधी सांगा, बहुतेक औषधांच्या वेळा सहेरी-इफ्तारीला बसवता येतात.

गणपती मंडळाच्या कार्यकर्त्यांना एकच विनंती. मंडपात रात्री मूर्तीची राखण करायला सोळा-सतरा वर्षांच्या पोरांची एकटी टोळी बसवू नका. पडद्यामागे प्लास्टिकचे पेले तिथेच फिरतात. बरोबर एक जाणता माणूस बसवा. त्याने पत्ते खेळले तरी चालतील.

पोलिसांच्या भीतीने घरात दाबून ठेवणाऱ्या आईवडिलांसाठी: स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचाराला येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला सेवनाच्या वा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण देणारं कलम, 64 अ, त्याच 1985 च्या कायद्यात आहे. फोन कुठे करायचा? व्यसनमुक्तीसाठी 14446, मनाच्या कुठल्याही त्रासासाठी टेली-मानस 14416. दोन्हीकडे पैसे पडत नाहीत.

ती मोगऱ्याच्या अगरबत्तीवाली बाई अजून गटात येते, आता नव्या आयांना चहा देते. मुलगा दीड वर्ष गांज्यापासून लांब आहे. मध्ये दोनदा स्लिप झाली, दोन्ही वेळा त्याने स्वतः सांगितलं. मागच्या गुरुवारी ती सांगत होती, दिवाळीला तिने हौसेने देवघरात मोगऱ्याची उदबत्ती लावली, तर पोरगा आतून उठून आला आणि हळूच म्हणाला, “आई, ही नको लावूस. हा वास आला की मला अजून तलफ येते.” त्यांच्या घरी आता फक्त निरांजन लागतं.